बटणांची बाजू

१

ज्या घरात नवरा घोरतो त्या घराला चोरांचं भय नाही, असं शिवणबाई म्हणायच्या. त्यांच्या घराला दरोडेखोरांचंही नव्हतं.

त्यांचे यजमान शाळेत कवायत शिकवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या पोराला ‘मान सरळ’ म्हणून ऐकवण्यात जन्म गेलेला. निवृत्त झाले तेव्हा मैदान तिकडेच राहिलं, आवाज तेवढा घरी आला. तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्याशा जागेत तो मावत नसे. दुपारी पुढच्या खोलीतल्या दिवाणावर मास्तर आडवे झाले की खिडकीची काच थरथरायची. वरच्या मजल्यावर एक वकील राहत. मास्तरांच्या झोपेची वेळ टाळूनच आपण अशिलांना बोलावतो, असं ते जिन्यात भेटेल त्याला सांगत.

बाईंचं तोंडही काही कमी नव्हतं. त्याच खोलीत खिडकीशी त्यांचं शिलाई मशीन होतं. गल्लीतल्यांचे ढगळ कपडे त्या आत घेऊन देत, घट्ट झालेले सैल करून देत आणि कपड्याबरोबर एखादा टोमणा फुकट देत. नवराबायकोचं भांडण सकाळी पंख्यावरून सुरू व्हायचं, जेवताना मिठावर यायचं आणि संध्याकाळी कुणी दार उघडं टाकलं इथे संपायचं. नवख्या माणसाला वाटे, आता हे दोघं वेगळे होणार. गल्लीला ठाऊक होतं की दोघं मजेत आहेत.

मास्तरांची मान दुखायला लागली, तेव्हा बाईंनी त्यांच्यासाठी उशी करायला घेतली. आता नुसती उशी करतील तर त्या शिवणबाई कसल्या. कपाटाच्या तळाशी जुने स्वेटर होते. मास्तरांचा शाळेतला राखाडी, लेकीचा लहानपणचा लाल आणि बाईंचा स्वतःचा मोरपंखी. तिन्ही उसवले, लोकर धुऊन वाळवली, आणि क्रोशाच्या सुईने अभ्र्याचे दोन चौकोन विणले. मधोमध लाल फूल, भोवती मोरपंखी, कडेला राखाडी. आत घालायची उशी पांढऱ्या कापडाची, कापूस ठासून भरलेली. चौकोनांच्या तीन बाजू एकमेकींना जोडायच्या, आत उशी सारायची आणि चौथ्या बाजूला बटणं लावायची. शिकायला येणाऱ्या पोरींना त्या नेहमी बजावत, की अभ्रा चारी बाजूंनी बंद करायचा नाही. उद्या मळला तर काढणार कसा?

तीन बाजू झाल्या, उशी आत गेली. बाई बटणं शोधायला उठल्या. मास्तर म्हणाले, बघू तरी उंची बरोबर आहे का. त्यांनी डोकं टेकलं आणि बाई डबा घेऊन परत येईपर्यंत त्यांना झोप लागलीसुद्धा. डोकं नेमकं उघड्या बाजूवर.

बाईंनी त्यांना हलवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. झोपेत मास्तरांचा चेहरा फार साधा दिसे. जागेपणी मिरवलेला सगळा रुबाब उतरून जाई आणि लग्नाच्या वेळचा, कुणी हसेल म्हणून भ्यायलेला मुलगा खाली शिल्लक राही. हे त्यांनी मास्तरांना कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते झोपायचेच थांबले असते.

बाई दिवाणाशेजारी छोट्या स्टुलावर बसल्या. कड उसवू नये म्हणून तात्पुरते दोन टाके घालावेत, एवढंच मनात होतं. पण हाताला एकदा लय लागली की तो ऐकत नाही. दोनाचे चार झाले. मास्तरांच्या डोक्याखालची कड दिसेना, तेव्हा बाईंनी आपला गाल उशीवर टेकवला, त्यांच्या कपाळाला कपाळ लागेल इतक्या जवळ, आणि नुसत्या बोटांनी चाचपत टाके घातले. मास्तर घोरत होते. “कूस बदला हो,” बाई करवादल्या, “कान बसले माझे.” मास्तरांनी काही कूस बदलली नाही. त्यांचा एक पांढरा केस टाक्यात अडकला आणि बाईंचाही एक अडकला. शेवटचा टाका ओढून त्यांनी लोकरीचं टोक आत दडवलं. चौथी बाजू पुरती बंद झाली होती. पोरींना कळलं तर हसतील, असं म्हणत त्यांनी बटणं परत डब्यात टाकली.

२

त्या दिवसापासून मास्तरांचं घोरणं थांबलं.

सुंठीवाचून खोकला गेला, म्हणून बाई खूश झाल्या. वकील तर मिठाई घेऊन खाली आले. उशी करणाऱ्या हातांना मानलं पाहिजे, असं ते म्हणाले. मास्तर हसले आणि त्यांनी मिठाईचा एक तुकडा घेतला. वकिलांना एरवी ते बसूही द्यायचे नाहीत. आज मात्र खुर्ची पुढे केली. बाईंना ते जरा खटकलं, पण चांगल्या वागण्याची तक्रार कुणाकडे करणार.

एका सकाळी दोघं स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते. मास्तर समोर, गुडघ्यावर ताट घेऊन. आणि पुढच्या खोलीतून घोरण्याचा आवाज आला.

बाईंचा हात शेंगेवरच राहिला. आवाजात कसलीच गडबड नव्हती. आधी लांबलचक खर्र, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग ओठांतून सुटलेली फुस्स. जन्मभर ऐकलेलं. शंभर पुरुषांना एका ओळीत झोपवलं असतं तरी बाईंनी डोळे मिटून आपला नवरा ओळखला असता.

त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर नीट, एकेक दाणा ताटात टाकत होते.

“ऐकू येतंय?” बाईंनी विचारलं.

“काय?”

“काही नाही. पंप असेल.”

त्या उठून पुढे गेल्या. दारातून पाऊल आत पडलं तोच आवाज थांबला. दिवाणावर चादर ताठ होती. उशीच्या मधोमध डोक्याएवढा खळगा होता. मास्तर अंघोळ करून सरळ स्वयंपाकघरात आले होते, तेव्हा तो रात्रीचाच राहिला असणार. बाईंनी उशी दोन्ही बाजूंनी थोपटली. खळगा भरला आणि हात काढताच हळूहळू पुन्हा पडला. त्यांनी तळहात ठेवून पाहिला. लोकर उबदार होती. ऊन खिडकीतून येतं, येतं ते दिवाणावरच, असं त्यांनी स्वतःला समजावलं. आकाश त्या दिवशी सकाळपासून भरून आलेलं होतं, हे त्यांना मटार शिजायला टाकल्यावर आठवलं.

३

लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि रविवारी यायची. आईवडिलांच्या भांडणात पंचाचं काम करण्यातच तिचा रविवार जायचा. या वेळी काहीच काम पडलं नाही. मास्तरांनी पंखा कितीवर आहे हे पाहिलंही नाही. भाजीत मीठ नव्हतं, ती त्यांनी तशीच खाल्ली आणि ताट स्वतः उचलून ठेवलं. लेकीला आधी आनंद झाला, मग तिने वडिलांना नीट निरखलं आणि डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरांनी छाती तपासली, रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं. वजन थोडं उतरलंय, पण वय झालं की माणूस शांत होतो, असं ते म्हणाले. परत येताना रिक्षात मास्तर बाईंच्या शेजारी बसले होते आणि वळणावर त्यांचा भार बाईंच्या खांद्यावर आला. एरवी असा भार आला की बाई ‘अहो, चेंगरले’ म्हणायच्या. आज कुणी खांद्यावर घडी केलेला कोट ठेवावा इतकंच वाटलं. डॉक्टरांचा वजनकाटा काहीही म्हणो, एवढी वर्षं त्या माणसाचं वजन त्यांनी अंगावर वागवलं होतं.

जिन्यापाशी वकील उभे होते. हसतच म्हणाले, की चार दिवस सुख दिलंत आणि आज पुन्हा सुरू झालात. दुपारभर काय ते घोरणं.

“आज दुपारी?” लेक म्हणाली. “आम्ही तिघंही दवाखान्यात होतो, काका.”

वकील हसत राहिले. थट्टा चालली आहे अशीच त्यांची समजूत झाली. “वकिलाला कसली साक्ष देता? घोरणं ऐकलं आणि नंतर तुमचा आवाजही ऐकला, बाई. ‘कूस बदला हो.’ अगदी खणखणीत.”

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. रेडिओ चालू राहिला असेल, असं त्या म्हणाल्या. त्यांचा रेडिओ गेली कित्येक वर्षं माळ्यावर पडून होता. लेकीला ते ठाऊक होतं, पण तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि वडिलांना हाताला धरून आत नेलं.

निघताना दारात तिने आईचा हात धरला. “बाबांचं सोड,” ती म्हणाली. “तू बरी आहेस ना? आल्यापासून एकदाही माझ्यावर ओरडली नाहीस.”

काही झालं असतं तर ओरडले असते, असं बाई म्हणाल्या. मग त्यांनी आठवून पाहिलं. लेक पायात चपला घालून थेट स्वयंपाकघरात आली होती, आणि त्यांना रागच आला नव्हता.

४

बाई काही भुताखेतांना मानणाऱ्या नव्हत्या. हे वय, हे कान, ही काळजी, असा हिशेब त्या मशीनवर बसल्या बसल्या मांडत. पण हिशेब जुळला तरी उशीकडे पाठ करून बसवेना. एक दिवस त्यांनी ती उचलली, जुन्या चादरीत गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. दृष्टीआड सृष्टी.

दुपारी मास्तर दिवाणापाशी आले आणि उभेच राहिले. मग दिवाणावर बसले आणि समोरच्या भिंतीकडे पाहू लागले. बाई गिऱ्हाइकाचा झगा आत घेत होत्या. तो झाला, दुसरा झाला, तरी मास्तर तसेच. शेवटी बाई उठल्या, त्यांनी मास्तरांच्या गालाला हात लावला आणि दचकून काढला. माणूस एवढा गार नसतो. डोळे उघडे होते, श्वास चालू होता, पण समोर हात हलवला तरी पापणी लवत नव्हती.

बाईंनी स्टूल ओढलं आणि माळा गाठला. चादर सोडताना आतून धुसफूस ऐकू येत होती. कुणीतरी खोलीचं दार लावून भांडतंय, तशी. त्यांनी उशी दिवाणावर ठेवली, मास्तरांचे खांदे धरून त्यांना आडवं केलं. बघता बघता त्यांच्या गालावर रंग आला. डोळे मिटले. झोप लागली, एकदम चिडीचूप.

तेव्हा मात्र बाईंनी स्वतःला फसवणं सोडलं. ज्या दुपारी मास्तरांचं डोकं खाली असताना त्यांनी ती कड बंद केली, त्याच दुपारी काहीतरी आत राहिलं होतं. काय, कसं, हे त्यांना सांगता आलं नसतं. पण शिवणात चूक झाली तर ती कुठे झाली ते हाताला कळतं, आणि चुकीवर इलाज एकच. जिथे चुकलं तिथपर्यंत उसवायचं.

माणूस परत मिळाला तर उद्यापासून हवं तेवढं घोरू दे, कान फुटले तरी चालतील, असं त्यांनी मनातल्या मनात कबूल केलं. असं कुणाकडे काही मागायची त्यांना सवय नव्हती.

५

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मास्तर आडवे झाले. बाईंनी बाहेरच्या दाराला कडी घातली, मशीनवर झाकण टाकलं आणि स्टूल दिवाणाशी ओढलं. जसं बंद केलं तसंच उघडायचं. डोकं उशीवरच हवं.

दडवलेलं टोक शोधायला वेळ लागला. सापडल्यावर त्यांनी छोट्या कात्रीने गाठ तोडली आणि राखाडी लोकर ओढली. टाका सुटला. दुसरा सुटला. क्रोशाचं विणकाम शेवटाकडून उसवायला लागलं की अडत नाही, सरसर येतं. बाई एका हाताने लोकर ओढत होत्या, दुसऱ्या हाताने मास्तरांचा हात धरून बसल्या होत्या. तो हात हलका होता आणि कोमट. सुटलेल्या कडेतून उबदार हवा त्यांच्या मनगटावर आली. आली, थांबली, पुन्हा आली.

मग घोरणं ऐकू आलं. मास्तरांचे ओठ मिटलेले होते.

चार बोटं जातील एवढी फट झाल्यावर बाईंनी गाल उशीवर टेकवला आणि आत पाहिलं. आत पांढरं कापड दिसायला हवं होतं. ते त्यांनीच शिवलं होतं.

आत ऊन होतं.

फार लांबवर, सुईच्या नेढ्यातून दिसावी इतकी लहान, पण लख्ख, एक खोली होती. खिडकी, मशीन, दिवाण. दिवाणावर मास्तर हातपाय पसरून झोपले होते, पोट वर-खाली होत होतं आणि तोंड सताड उघडं होतं. सगळे मास्तर. आवाज, वजन, हट्ट, सगळ्यासकट. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांना हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की दिवाणाशेजारी स्टुलावर एक बाई बसली आहे.

तिची पाठ इकडे होती. मान जरा डावीकडे कललेली. पदराला टाचण्या टोचलेल्या. हातात क्रोशाची सुई. ती मास्तरांच्या अंगावर खेकसत होती, आणि त्या खेकसण्यात इतकी माया होती की बाईंना स्वतःचीच लाज वाटली. एवढी वर्षं हे असं उघड ऐकू जात होतं की काय सगळ्यांना.

बाईंच्या हातातली लोकर ताणली गेली.

त्यांनी ओढली. पलीकडूनही कुणी ओढली. त्यांनी जोर लावला, तर तिकडूनही तितकाच लागला, ना कमी ना जास्त. स्टुलावरची बाई मागे वळत नव्हती, पण तिचा कोपर मागे आला होता आणि ती हट्टाला पेटलेली दिसत होती. बाईंना तो कोपर ओळखू आला. तो हट्टही.

आणखी एक हिसका दिला असता तर सगळी बाजू सुटली असती, पाठोपाठ लाल फूलही. बाईंचा हात तिथेच थांबला. त्यांनी आयुष्यात पुष्कळ स्वेटर उसवले होते. लेकीचा लाल स्वेटर उसवला, तेव्हा हातात लोकरीचा गुंडा आला होता. त्या स्वेटरात मावणारी ती लहान पोर काही आली नव्हती. या ऊन पडलेल्या खोलीतली ही दोघं उसवली तर बाहेर येतील, की नुसती लोकर हातात राहील? कुणी सांगावं. आणि बाहेर आली नाहीत, तर मग कुठेच उरणार नाहीत.

आतले मास्तर झोपेत कुशीवर वळले. स्टुलावरच्या बाईने सुई खाली ठेवली आणि त्यांच्या कपाळावरचा केस बाजूला केला.

बाईंनी लोकर सैल सोडली.

पलीकडून ती झटकन ओढली गेली. सुटलेले टाके एकामागून एक बसू लागले, आतल्या बाजूने, घट्ट, एकसारखे, त्यांच्याच हाताचे. उजेडाची फट बोटाएवढी झाली, सुईएवढी झाली. शेवटचं टोक त्यांच्या बोटांतून निसटून आत गेलं आणि चौथी बाजू अशी मिटली की शिवण कुठे आहे ते त्यांनाही सापडेना.

मास्तरांनी डोळे उघडले. बाईंना गालावर उशीची नक्षी उमटवून बसलेलं पाहून ते सौम्यपणे हसले.

“झालं तुझं?”

“झालं.”

“चहा करू का?”

एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी कधी गॅस पेटवला नव्हता. यावर बोलण्यासारखं बाईंकडे निदान अर्ध्या तासाचं असायला हवं होतं. त्यांनी शोधून पाहिलं. काहीच सापडलं नाही. “करा,” त्या म्हणाल्या.

मास्तर दोन कप घेऊन आले आणि बाईंच्या शेजारी बसले. त्यांच्या बसण्याने दिवाण वाजला नाही. बाईंच्या बसण्यानेही वाजला नव्हता, हे त्यांना तेव्हाच कळलं. त्यांनी एक घोट घेतला. चहा पाक झाला होता. त्यांनी मास्तरांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “छान झालाय.”

“एवढी साखर घालतात का कुणी?” उशीतून बाईंचाच आवाज कडाडला.

“पी आता गुपचूप!” मैदानभर जाईल अशा आवाजात उत्तर आलं, आणि मग जे भांडण जुंपलं त्याने खिडकीची काच थरथरली.

मास्तर आणि शिवणबाई कप हातात धरून, एकमेकांना टेकून ते ऐकत बसले, शेजारच्या घरातलं ऐकू यावं तसं.